घरगुती जनित्र

घरगुती जनित्र (बोलीभाषेत जनरेटर किंवा जनसेट) हे सार्वजनिक वीजपुरवठा खंडित झाल्यावर घरातील आवश्यक उपकरणे चालवण्यासाठी वापरले जाणारे इंजिनचलित यंत्र आहे. पेट्रोल, डिझेल किंवा वायूवर चालणारे इंजिन आणि त्याला जोडलेला प्रत्यावर्ती विद्युत जनित्र (अल्टरनेटर) हे त्याचे दोन मुख्य भाग होत. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर ते चालते. ग्रामीण भागातील घरासाठी जनित्र निवडताना खंडित पुरवठ्याचा कालावधी, उपकरणांचा भार, मोटारींचा प्रारंभिक प्रवाह, इंधनाची उपलब्धता, जागा आणि सुरक्षित जोडणी या बाबी विचारात घ्याव्या लागतात. या लेखात कोकणातील, विशेषतः रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील डोलवी-वडखळ परिसरासारख्या खाडीकाठच्या गावांतील परिस्थिती लक्षात घेऊन या निवडीची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

रायगड जिल्हा वीजनिर्मितीच्या बाबतीत जुना आहे. टाटा समूहाचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये, तर भिरा येथील केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. उरण येथे वायूवर चालणारे विद्युत केंद्र आहे. खुद्द डोलवी येथे धरमतर खाडीलगत मोठा पोलाद प्रकल्प आहे. हा प्रकल्प पूर्वी इस्पात इंडस्ट्रीजचा होता व २०१० पासून जेएसडब्ल्यू समूहाकडे आहे. मात्र जवळपास वीज तयार होते म्हणून गावातील घरात ती अखंड मिळेलच, असे नाही. मोठ्या उद्योगांची वीजव्यवस्था स्वतंत्र असते. गावातील घराला महावितरणच्या उपकेंद्रातून निघणारी ११ किलोव्होल्टची वाहिनी, गावातील रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि खांबांवरील लघुदाब तारा या साखळीतून वीज मिळते. या साखळीतील एक दुवा तुटला तरी घर अंधारात जाते.

ग्रामीण महाराष्ट्रात वीज जाण्याची कारणे ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत.

*भारनियमन* : मागणीपेक्षा वीज कमी असल्यास ठरावीक वेळी पुरवठा बंद केला जातो. राज्य विद्युत मंडळाच्या विभाजनानंतर जून २००५ मध्ये महावितरण अस्तित्वात आली. त्या काळात आणि पुढील काही वर्षे राज्याच्या ग्रामीण भागाला दिवसातील अनेक तास भारनियमन सोसावे लागले. वीजहानी व वसुलीच्या प्रमाणानुसार वाहिन्यांचे गट पाडून हे तास ठरवले जात.

*स्थानिक बिघाड व दुरुस्ती* : झाडाची फांदी तारेवर पडणे, पावसात चिनी मातीचे इन्सुलेटर फुटणे, रोहित्र जळणे, पावसाळ्यापूर्वीची देखभाल इत्यादी. हा खंड काही मिनिटांपासून एखाद्या दिवसापर्यंतचा असतो. खाडीकाठी खाऱ्या हवेमुळे इन्सुलेटरवर क्षारांचा थर बसतो आणि पहिल्या पावसात त्यावरून विद्युतगळती होऊ लागते.

*नैसर्गिक आपत्ती* : ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रायगड जिल्ह्यात विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले आणि दक्षिणेकडील काही गावांत वीज पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्यासमोरून गेले.

निवडीचा विचार या वर्गीकरणापासून सुरू होतो. दोन तासांच्या भारनियमनासाठी योग्य असलेले साधन दहा दिवसांच्या अंधारात पुरत नाही, आणि दहा दिवसांसाठी घेतलेले मोठे यंत्र रोजच्या अर्ध्या तासासाठी चालवणे खर्चिक ठरते.

प्रकार

साधे पेट्रोल जनित्र : यात इंजिन मिनिटाला ३,००० फेरे या स्थिर वेगाने फिरते. दोन ध्रुवांच्या जनित्रात या वेगाला ५० हर्ट्झ वारंवारता मिळते (ध्रुवसंख्या × फेरे ÷ १२०). भार कमी असला तरी वेग तोच ठेवावा लागत असल्याने आवाज व इंधनखर्च फारसा घटत नाही. भार प्रमाणाबाहेर गेल्यास इंजिन मंदावते आणि दाब व वारंवारता दोन्ही घसरतात. अशा वेळी फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा पंपाची मोटार तापून जळण्याचा धोका असतो.

इन्व्हर्टर जनित्र : यात तयार झालेल्या विजेचे प्रथम एकदिश प्रवाहात आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडलाद्वारे पुन्हा ५० हर्ट्झच्या प्रवाहात रूपांतर होते. त्यामुळे भारानुसार इंजिनाचा वेग कमी-जास्त करता येतो. आवाज कमी, इंधनाची बचत आणि विजेचा तरंग शुद्ध हे त्याचे गुण होत. किंमत जास्त आणि मोटार सुरू करण्याची ताकद मर्यादित हे दोष होत. भारतात घराघरांत बॅटरीवर चालणारा जो 'इन्व्हर्टर' असतो, तो यापेक्षा वेगळा आहे. त्यात वीज निर्माण होत नाही, फक्त साठवली जाते.

डिझेल जनित्र : मोठ्या क्षमतेची डिझेल जनित्रे सामान्यतः चार ध्रुवांची असून मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर चालतात. ती टिकाऊ व दर युनिटमागे कमी इंधन घेणारी असतात. पण वजनदार असल्याने त्यांना पक्का चौथरा लागतो. महाराष्ट्रात या उद्योगाची जुनी परंपरा आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झाली, तर आजची कमिन्स इंडिया १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स या नावाने पुण्यातच सुरू झाली. डिझेल जनित्र दीर्घकाळ अगदी कमी भारावर चालवल्यास अर्धवट जळालेले इंधन व काजळी धुराड्यात साचते. म्हणून एका लहान कुटुंबासाठी मोठे डिझेल यंत्र घेणे यंत्राच्याही हिताचे नसते.

क्षमता ठरवणे

जनित्राची क्षमता किलोव्होल्ट-अँपिअर (केव्हीए) या एककात, तर उपकरणांचा वापर वॅटमध्ये दिलेला असतो. दोहोंमधील गुणोत्तरास शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर) म्हणतात. शक्तिगुणक ०.८ धरल्यास ५ केव्हीएच्या जनित्रातून ४ किलोवॅट वीज मिळते. काही लहान यंत्रांवर ठळक अक्षरांत कमाल क्षमता छापलेली असते, जी यंत्र थोडाच वेळ देऊ शकते. निवडीसाठी सतत मिळणारी क्षमता पाहावी लागते.

ग्रामीण घरातील नेहमीच्या उपकरणांचा अंदाजे भार पुढीलप्रमाणे असतो :

- ९ वॅटचे ६ एलईडी दिवे : ५४ वॅट
- साधे छताचे ३ पंखे (प्रत्येकी ७५ वॅट) : २२५ वॅट
- लहान फ्रिज : १५० वॅट
- दूरचित्रवाणी संच : ६० वॅट
- मोबाइल चार्जर व इंटरनेटचा राउटर : ४० वॅट
- एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप : सुमारे १,१०० वॅट

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. परंतु ती मोटारीने दिलेली यांत्रिक शक्ती असते. मोटारीतील ऱ्हासामुळे प्रत्यक्षात ओढली जाणारी वीज त्याहून बरीच जास्त असते.

वरील यादीची बेरीज १,६२९ वॅट होते. त्यावरून २.५ केव्हीएचे जनित्र पुरेल असे वाटते, पण हा हिशेब अपुरा आहे. प्रवर्तन मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या चौपट ते सहापट प्रवाह ओढते. त्यामुळे एक अश्वशक्तीच्या पंपासाठी साधारणपणे चार ते पाच केव्हीएचे जनित्र लागते. पंप वगळल्यास उरलेला भार ५२९ वॅट राहतो. फ्रिज सुरू होतानाचा धक्का जमेस धरूनही त्याला दीड ते दोन केव्हीएचे, एका माणसाला उचलता येणारे जनित्र पुरते.

म्हणजेच बहुतेक ग्रामीण घरांत जनित्राचा आकार दिवे, पंखे किंवा फ्रिज ठरवत नाहीत. तो पाण्याचा पंप ठरवतो. म्हणून खरेदीपूर्वी पंपाला पर्याय आहे का, हे तपासणे उपयुक्त असते. उंचावरील टाकी मोठी असणे, विहिरीवर रहाट शिल्लक असणे, गावात हातपंप चालू असणे किंवा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप बसवणे यांपैकी काहीही शक्य असल्यास निम्म्याहून कमी क्षमतेच्या यंत्रात भागते. पंप जनित्रावर चालवायचाच असेल, तर इतर उपकरणे बंद ठेवून आधी पंप सुरू करावा आणि मग बाकीचा भार एकेक करून जोडावा. शेतीचे तीन वा पाच अश्वशक्तीचे पंप बहुधा थ्री-फेज असतात. ते एकफेज घरगुती जनित्रावर थेट चालत नाहीत.

इस्त्री, गीझर, विजेची शेगडी आणि पाणी तापवण्याची कांडी ही एक ते दोन किलोवॅटची उपकरणे जनित्राच्या यादीत धरू नयेत. त्यांचे काम चूल किंवा गॅस अधिक स्वस्तात करतो.

घरात रुग्ण असल्यास यादीचा क्रम बदलतो. पाच लिटर क्षमतेचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सुमारे ३०० ते ४०० वॅट वीज घेतो आणि तो सतत चालावा लागतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. अशा घरात जनित्र हा एकमेव आधार मानता येत नाही. इंजिन ऐनवेळी सुरू न होण्याची शक्यता असल्याने भरलेला ऑक्सिजन सिलिंडर व बॅटरीवरील इन्व्हर्टर ही दुसरी फळी आवश्यक ठरते.

इंधन व खर्च

दोन केव्हीएचे पेट्रोल जनित्र अर्ध्या भारावर तासाला सुमारे पाऊण लिटर पेट्रोल घेते. ते चोवीस तास चालवल्यास दिवसाला १८ लिटर इंधन लागते. तेच यंत्र दिवसातून चार तास चालवल्यास ३ लिटर पुरतात. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच साठवता येते. हा साठा पहिल्या पद्धतीत दोन दिवसही टिकत नाही. दुसऱ्या पद्धतीत दहा दिवस टिकतो. वादळानंतर रस्ते झाडांनी अडलेले असतात आणि पेट्रोल पंपांनाही वीज लागते, त्यामुळे हा फरक निर्णायक ठरतो.

जनित्र थांबवून थांबवून चालवण्याची पद्धत व्यवहार्य आहे. दार न उघडल्यास फ्रिजमधील थंडावा सुमारे चार तास टिकतो. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळ जनित्र लावून फ्रिज थंड करणे, टाकी भरणे आणि बॅटऱ्या चार्ज करणे ही तिन्ही कामे एकदम उरकता येतात.

पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपये धरल्यास चांगल्या भारावर चालणाऱ्या लहान जनित्राच्या एका युनिटला केवळ इंधनापोटी सुमारे ६० रुपये पडतात. भार एक चतुर्थांश असल्यास हाच खर्च युनिटला १०० रुपयांच्या आसपास जातो. डिझेल यंत्रास योग्य भारावर एका युनिटसाठी सुमारे ०.३ ते ०.४ लिटर इंधन लागते. क्षमता गरजेपेक्षा जास्त घेणे म्हणजे केवळ खरेदीच्या वेळी नव्हे, तर चालवण्याच्या प्रत्येक तासाला जादा पैसे मोजणे होय.

जागा व विषारी धूर

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन व विषारी वायू असतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा कित्येक पटींनी घट्ट जोडला जातो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही सुरुवातीची लक्षणे थकव्यासारखी वाटतात. झोपेत असलेल्या माणसाला ती जाणवतही नाहीत. त्यामुळे जनित्र घरात, पडवीत, बंद गोठ्यात, जिन्याखाली किंवा खिडकीजवळ कधीही चालवू नये. ते घरापासून किमान ६ मीटर (सुमारे २० फूट) दूर, धुराड्याचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला करून ठेवावे. दारे-खिडक्या उघड्या ठेवल्याने बंदिस्त जागेतील धोका टळत नाही.

कोकणात या नियमाला पावसाची अडचण येते. जिल्ह्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो, आणि वीज नेमकी पावसाळ्यातच अधिक जाते. पाऊस लागू नये म्हणून यंत्र पडवीत ओढून घेण्याचा मोह तेव्हाच होतो. म्हणून जनित्र विकत घेण्याआधी त्याच्यासाठी अंगणात चारही बाजूंनी मोकळी, वर पत्र्याचे छप्पर असलेली शेड तयार करणे हा खरेदीचाच भाग मानला पाहिजे. अशी जागा नसल्यास जनित्राऐवजी बॅटरीचा पर्याय निवडणे योग्य ठरते.

चौथऱ्याची उंची पुराच्या ज्ञात पातळीपेक्षा जास्त असावी. अंबा नदीच्या खोऱ्यात जुलै १९८९ मध्ये आलेल्या महापुराने जांभुळपाडा परिसरात मोठी जीवितहानी झाली होती. खाडीलगतच्या सखल भागात भरती आणि अतिवृष्टी एकाच वेळी आल्यास पाण्याचा निचरा थांबतो. खाऱ्या हवेत लोखंडी सांगाडा व जोडण्या लवकर गंजतात, त्यामुळे झाकण व नियमित पुसणे गरजेचे असते.

जोडणी व लाइनमनची सुरक्षितता

दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घेऊन एक टोक जनित्रात व दुसरे घरातील सॉकेटमध्ये घालण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. ती अत्यंत धोकादायक आहे. मुख्य स्विच चालू राहिल्यास जनित्राची वीज मीटरमधून मागे जाऊन गावातील तारांवर येते. वितरण रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. लघुदाब बाजूने २३० व्होल्ट मिळाल्यास उच्चदाब बाजूला हजारो व्होल्ट निर्माण होऊ शकतात. तारा शाबूत असताना लहान जनित्र शेजाऱ्यांच्या भाराने लगेच बंद पडते; परंतु वादळात तार तुटलेली असल्यास पलीकडचा भार गळून पडतो आणि छोटे जनित्रही तारेचा तेवढा तुकडा जिवंत ठेवू शकते. नेमकी तीच तार जोडण्यासाठी महावितरणचा लाइनमन खांबावर चढलेला असतो. उपकेंद्रातून पुरवठा बंद केल्याची खात्री करूनही त्याचा जीव जाऊ शकतो.

हे टाळण्यासाठी चेंजओव्हर स्विच वापरतात. त्याला 'महावितरण', 'बंद' आणि 'जनित्र' अशा तीन स्थिती असतात आणि दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाणे यांत्रिकदृष्ट्याच अशक्य असते. तो फेज व न्यूट्रल दोन्ही तारा तोडणारा असावा. जनित्राचे अर्थिंग, गळती-रोधक स्विच व न्यूट्रलची जोडणी ही कामे परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावीत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांतही विद्युत संचमांडणी परवानाधारकाकडून करून घेण्याची तरतूद आहे. स्विच बसवणे शक्य नसल्यास घराच्या वायरिंगला हात न लावता उपकरणे जाड वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डाने थेट जनित्राला जोडावीत.

पर्याय

बॅटरी व इन्व्हर्टर : १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट वीज मावते. प्रत्यक्षात सुमारे १.१ ते १.२ युनिट वापरता येते. तीन साधे पंखे व चार दिवे (२६१ वॅट) त्यावर सुमारे चार तास चालतात. पंखे २८ ते ३५ वॅटच्या बीएलडीसी प्रकारचे बसवल्यास हाच संच सुमारे नऊ तास, म्हणजे रात्रभर पुरतो. त्यामुळे केवळ भारनियमन किंवा किरकोळ बिघाड एवढीच अडचण असलेल्या घरात जनित्रापेक्षा पंखे बदलणे हा स्वस्त उपाय ठरतो. घरगुती इन्व्हर्टर बॅटरी सावकाश चार्ज करतो. तीन तास जनित्र लावल्यास साधारण ४० अँपिअर-तासच भरले जातात, हे संयुक्त व्यवस्था आखताना लक्षात घ्यावे लागते.

सौर ऊर्जा : फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत ३ किलोवॅटच्या छतावरील सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. मात्र या योजनेतील नेहमीचे ग्रीडशी जोडलेले संच वीज गेल्यावर, भर उन्हातही, आपोआप बंद होतात. लाइनमनच्या सुरक्षिततेसाठीच ही रचना केलेली असते. खंडित काळात वीज हवी असल्यास बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. कोकणात आपत्ती बहुधा ढगाळ हवेत येत असल्याने केवळ सौर संचावर विसंबता येत नाही.

नियम व शेजारधर्म

डिझेल जनित्रांच्या उत्सर्जनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मानके लागू आहेत. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या जनित्रांना 'सीपीसीबी-४ प्लस' हे कडक मानक लागू झाले. आवरणासह असलेल्या डिझेल जनित्राचा आवाज एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा, असा नियम आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. वाडीतील घरे एकमेकांना लागून असल्यास धूर व आवाज दोन्ही शेजाऱ्याच्या घरात जातात. अशा ठिकाणी दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक जनित्र घेऊन पंप आणि फ्रिजसाठी वेळा ठरवून घेणे सोयीचे पडते. मात्र प्रत्येक घराची जोडणी स्वतंत्र व सुरक्षित असावी लागते.

देखभाल

नव्या इंजिनातील ऑइल पहिल्या सुमारे २० तासांनंतर व पुढे उत्पादकाने सांगितलेल्या तासांनी बदलतात. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल दमट हवेतील पाणी शोषते आणि टाकीत पडून राहिल्यास कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसतो. म्हणून महिनाभराहून अधिक काळ वापर नसल्यास टाकी व कार्ब्युरेटर रिकामा करावा. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये. यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे. महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे भारासह चालवून पाहणे आणि मे महिन्याच्या अखेरीस स्पार्क प्लग, एअर फिल्टर, इंधननळी व चेंजओव्हर स्विच तपासणे ही पावसाळ्यापूर्वीची नेहमीची तयारी होय. जनित्र सुरू करणे, स्विच बदलणे व बंद करणे घरातील किमान दोघांना यायला हवे, कारण वादळाच्या रात्री ते जाणणारी एकच व्यक्ती घरी असेल याची खात्री नसते.

हे सुद्धा पहा

- महावितरण
- भारनियमन
- निसर्ग चक्रीवादळ
- कार्बन मोनॉक्साइड
- सौर ऊर्जा
- पेण तालुका